स्पॅनिश हॉरर सुरू कुठून झालं? आणि त्यात घर आणि मूल सुटतच का नाही?

शर्वरी_के

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबतोय, सांभाळून घ्या.

शनिवारी ताई राहायला आली होती, मुलं झोपल्यावर आम्ही दोघींनी बायोनाचा 'एल ओर्फानातो' लावला, २००७ चा. शेवटाकडे एक प्रसंग आहे. हरवलेल्या मुलाची आई त्या रिकाम्या अनाथाश्रमात एकटीच लहानपणीचा खेळ मांडते. भिंतीकडे तोंड करून उभी राहते, भिंतीवर ठोकत एक दोन तीन म्हणते आणि मागे वळते. आपला स्टॅच्यूच की हो तो! कॅमेरा तिच्याबरोबर वळतो, मागे नुसतं दार. परत भिंत, परत दार. मग कधीतरी त्या दारात कोणीतरी उभं असतं, आणि पुढच्या वेळी ते जवळ आलेलं असतं, आणि ती बाई पळत नाही, परत भिंतीकडे तोंड करते कारण तिलाच ते यायला हवे असतात. ताईने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. एक थेंब रक्त नाही त्या प्रसंगात.

मग रविवारी 'रेक' बघितला, तो एकदम वेगळा, धावाधाव नि आरडाओरडा, पण शेवटी परत एक बंद घर आणि एक लहान मुलगी. त्याआधी 'लोस ओत्रोस' कधीतरी पाहिलेला, तिथेही तेच, घर आणि मुलं.

तर प्रश्न असा की हे सगळं २००० नंतर अचानक उगवलं का? स्पेनमध्ये तर १९७५ पर्यंत हुकूमशाही होती, सेन्सॉर होतं, चर्चचा एवढा वचक होता, तिथे भुताखेतांचे सिनेमे करू कसे दिले? आणि जुन्यातलं काय बघू? यादी नको, कुठून धरायचं ते सांगा.

पारवा

शर्वरी, प्रश्न फार आवडला, कारण बहुतेक लोकांना वाटतं स्पॅनिश हॉरर म्हणजे 'लोस ओत्रोस'वाल्या आमेनाबारपासून पुढे. नाही. १९७० च्या आसपास स्पेनमध्ये भयपटांचं अक्षरशः पीक आलं होतं आणि ते हुकूमशहा फ्रांकोच्याच राजवटीत. आम्ही पुण्यात चारपाच जण मिळून जुने सिनेमे बघायचो, दर महिन्याला एक देश घ्यायचा असं ठरलेलं, स्पेन आला आणि पुढचे आठ महिने आम्ही तिथेच अडकून पडलो.

अगदी मागे जायचं तर सेगुन्दो दे चोमोन, तेरुएलचा माणूस, पॅरिसला पाते कंपनीत ट्रिक फिल्म करायचा. त्याने १९०८ साली झपाटलेल्या घराचा छोटा सिनेमा केलाय, त्यात टेबलावर सुरी आपोआप पाव कापते, किटली आपोआप चहा ओतते. म्हणजे घर तेव्हापासून आहेच! मग १९४४ मध्ये एदगार नेव्हिलने 'सात कुबड्यांचा मनोरा' केला, माद्रिदच्या पोटात खाली खाली उतरत जाणारं एक लपलेलं शहर, तो आजही बघण्यासारखा आहे. पण हे सुटे सुटे, परंपरा म्हणावी असं काही नाही.

खरी सुरुवात १९६२ ची धरतात, हेसुस फ्रांको (हुकूमशहाशी संबंध नाही, आडनाव तेवढं एक) याचा 'ग्रितोस एन ला नोचे'. डॉक्टर ऑर्लोफ आपल्या मुलीच्या भाजलेल्या चेहऱ्यासाठी बायका पळवतो. आता इथे लक्ष दे, कथा कुठे घडते? फ्रान्समध्ये. १९६९ चा 'ला रेसिदेन्सिया', मुलींचं वसतिगृह, कुठे? फ्रान्समध्ये. क्रिस्टोफर ली आणि पीटर कुशिंग असलेला १९७२ चा 'पानिको एन एल त्रान्सिबेरियानो' माद्रिदला शूट झाला पण गाडी धावते चीनमधून रशियात. होर्हे ग्राउचा १९७४ चा मुडद्यांचा सिनेमा, एकदम दर्जेदार, तो इंग्लंडमधल्या हिरव्या डोंगरांत. तुझ्या "करू कसे दिले"चं उत्तर हेच आहे. भूत चालेल, खून चालेल, पण ते दुसरीकडे. स्पेनमध्ये सगळं आलबेल आहे असा सरकारी हट्ट होता, मग राक्षस आपल्याकडे कसा जन्मेल?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे पॉल नाशी. खरं नाव हासिन्तो मोलिना, माद्रिदचा, १९३४ चा जन्म, वेटलिफ्टर होता, चांगला राष्ट्रीय पातळीवरचा. लहानपणी थिएटरात लांडगा-माणसाचा अमेरिकन सिनेमा बघितला आणि ते डोक्यात घर करून बसलं. १९६८ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहिली, 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो'. मूळ कथेत नायक अस्तुरियासचा होता, पक्का स्पॅनिश. सेन्सॉरने सांगितलं स्पॅनिश माणूस लांडगा होणार नाही. मग तो झाला पोलंडचा, वाल्देमार दानिन्स्की! आणि परदेशात विकायला स्पॅनिश नाव नको म्हणून मोलिनाचा झाला पॉल नाशी. म्हणजे पात्राचा देश बदलला आणि नटाचंही नाव बदललं. त्या पोलिश दानिन्स्कीला घेऊन त्याने पुढे डझनभर सिनेमे केले, १९७१ चा 'ला नोचे दे वालपुर्गिस' तर तुफान चालला आणि त्यानंतर जो तो निर्माता हॉररच्या मागे लागला.

मला या गोष्टीत वाईट कशाचं वाटतं सांगू, स्पेनकडे स्वतःचा लांडगा-माणूस होता, कागदोपत्री. रोमासान्ता नावाचा गालिसियातला फेरीवाला, १८५३ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तेरा खून कबूल केले आणि कोर्टात सांगितलं की माझ्यावर शाप आहे, मी लांडगा होतो. फाशी झालेली, राणी इसाबेल दुसरीने ती कमी केली. १९७० मध्ये पेद्रो ओलेआने त्याच्यावरून 'एल बोस्के देल लोबो' केला, पण त्यात केस उगवणं, सुळे येणं काही नाही, एक आजारी माणूस आणि भीतीने पछाडलेली गावं. तो बघच.

आणि हो, धंद्याची एक गंमत, तेव्हा कित्येक सिनेमे दोनदा शूट व्हायचे. एकच प्रसंग, एकदा नटी अंगभर कपड्यात, ती कॉपी स्पेनला. दुसऱ्यांदा कपड्यांशिवाय, ती बाहेरच्या देशांना. त्यामुळे आज एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या लांबीच्या कॉप्या सापडतात, बघताना कुठली आहे ते तपासून घे.

आता माझा लाडका. आमान्दो दे ओसोरिओ, हाही गालिसियाचा, १९७२ चा 'ला नोचे देल तेरोर सिएगो'. टेम्प्लर शिलेदार, म्हणजे मध्ययुगातले लढवय्ये साधू, पाखंडी म्हणून मारलेले, फासावर लटकत असताना कावळ्यांनी डोळे टोचून खाल्लेले. ते थडग्यातून उठतात ते आंधळेच. म्हणजे त्यांना तू दिसत नाहीस, ऐकू येतेस. पूर्ण सिनेमाची कळ त्यात आहे. एका प्रसंगी एक मुलगी अगदी भिंतीसारखी स्तब्ध उभी आहे, श्वास रोखलाय, ते आजूबाजूला चाचपडतायत, आणि मग आपल्याला तिच्या काळजाचे ठोके ऐकू यायला लागतात, आणि आपल्या लक्षात येतं की ते त्यांनाही ऐकू येतायत. ओरडणं थांबवता येतं, काळीज कसं थांबवणार! घोडे स्लो मोशनमध्ये येतात, आवाज नुसता टापांचा आणि आन्तोन गार्सिया आब्रिलचं ते मठातल्या मंत्रासारखं संगीत. पैसे कमी होते हे दिसतं, मधले संवाद रटाळ आहेत, काही प्रसंग तर आज बघवत नाहीत, बायकांच्या बाबतीत तो काळ वाईटच. पण ते घोडे विसरता येत नाहीत. मागे बेकेर या स्पॅनिश लेखकाची १९ व्या शतकातली टेम्प्लरांच्या डोंगराची गोष्ट आहे, म्हणजे हे मात्र अस्सल मातीतलं भूत, हॉलिवूडकडून उसनं आणलेलं नाही. चार भाग निघाले, शेवटचा १९७५ ला, फ्रांको गेला त्याच वर्षी.

त्यानंतर १९७७ ला सेन्सॉर उठलं, उघडंनागडं सगळं थेटच मिळायला लागलं, आणि सरकारी सिनेमा खात्याच्या प्रमुख पिलार मिरोच्या १९८३ च्या अनुदान धोरणात पैसा मोजक्या "दर्जेदार" सिनेमांकडे वळला. स्वस्तातला भयपट बसला तो बसलाच.

घाटावरची

पारवा, भरभरून लिहिलंत, पण 'ला रेसिदेन्सिया'वाल्याला तुम्ही एका ओळीत काढलंत हे मला पटलं नाही! नार्सिसो इबान्येस सेरादोर, स्पेनमध्ये त्याला सगळे चिचो म्हणायचे. उरुग्वेत जन्मलेला, नाटकवाल्यांच्या घरातला. त्याने १९६६ पासून सरकारी टीव्हीवर 'इस्तोरियास पारा नो दोर्मिर' ही मालिका केली, म्हणजे झोप उडवणाऱ्या गोष्टी. आपल्याकडे जुन्या दूरदर्शनच्या मालिकांबद्दल लोक जसे हळवे होतात तसं तिथली अख्खी पिढी या मालिकेबद्दल बोलते. नंतरच्या बायोना, 'रेक'वाला बालागेरो, आमेनाबार या सगळ्यांच्या मागे हा माणूस उभा आहे असं माझं ठाम मत आहे. आणि थिएटरसाठी त्याने सिनेमे केले फक्त दोन.

शर्वरीताई, तुमच्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या दुसऱ्या सिनेमात आहे, १९७६ चा, नाव 'मुलाला कोण मारू शकेल?' एक इंग्रज जोडपं, बायको गरोदर, एका लहानशा बेटावर सुट्टीला येतं. गावात मोठं माणूस एकही नाही. फक्त मुलं, आणि ती हसतायत. जवळजवळ पूर्ण सिनेमा भर उन्हात आहे हो! चुन्याच्या पांढऱ्या भिंती, डोळे दिपतील असं ऊन, सावली शोधून सापडत नाही. मी आमच्या घरी दुपारी दोन वाजता बघितला, मे महिना, बाहेर असंच ऊन, आणि अंगणात शेजारची पोरं खेळत होती तर मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली. सिनेमाच्या सुरुवातीलाच खऱ्या बातमीपटांची चित्रं आहेत, छळछावण्या, भारत-पाकिस्तान, कोरिया, व्हिएतनाम, बियाफ्रा, आणि प्रत्येक ठिकाणी मेलेली मुलं. म्हणजे मोठ्यांनी काय करून ठेवलंय ते आधी दाखवतो आणि मग मुलं उलटतात. ती सुरुवात बघायला फार जड आहे, घरात लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवते.

आणि 'ला काबिना' कोणी कसा नाही काढला? १९७२, आन्तोनियो मेर्सेरो, टीव्हीसाठी केलेला जेमतेम पस्तीस मिनिटांचा. (पुढे गोष्ट फुटणार आहे, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

एक साधा मध्यमवयीन गृहस्थ, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवतो आणि चौकात नव्याच बसवलेल्या लाल टेलिफोन बूथमध्ये शिरतो. फोन बंद. दार उघडत नाही. बस इतकंच. लोक जमतात, आधी मदत करतात, मग हसायला लागतात, कोणी तर बसायला खुर्ची आणतं! आतल्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, नुसता चेहरा. अग्निशमनवाले वरून फोडायच्या बेतात असतात तेवढ्यात कंपनीची माणसं येतात, शांतपणे बोल्ट काढतात आणि त्याला बूथसकट ट्रकवर चढवून नेतात. माद्रिदच्या रस्त्यांवरून तो उभ्याने चाललाय, आणि शेजारी दुसरा ट्रक येतो, त्यावर दुसरा बूथ, त्यात दुसरा माणूस. दोघं काचेतून एकमेकांकडे बघतात. शेवट सांगत नाही. त्याला १९७३ ला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. तिथे अजून सांगतात की त्यानंतर कित्येक दिवस लोक बूथमध्ये शिरताना दारात पाय अडकवून ठेवायचे.

पारवा म्हणतात सगळं दुसऱ्या देशात ढकललं, ते बरोबर, पण हा बघा, हा माद्रिदमध्येच आहे, भरदिवसा, आणि त्यात ना भूत ना लांडगा. सेन्सॉरला पकडायला काही हातातच येत नाही. आणि त्यातला नट होसे लुइस लोपेस व्हास्केस, जो एरवी विनोदी कामं करायचा, तोच पारवांनी सांगितलेल्या 'एल बोस्के देल लोबो'तला फेरीवाला.

मुक्काम_बार्सिलोना

धागा बघून लॉगिन केलं. मी सात वर्षं इथे आहे, नोकरीमुळे. 'रेक'मधली ती बिल्डिंग खरी आहे, रांब्ला दे कातालुन्या या रस्त्यावर. मधोमध चालायला जागा, दोन्हीकडे झाडं, कॅफे, एकदम देखणा भाग. मी पहिल्यांदा शोधत गेलो तेव्हा त्या दारातून एक आजी भाजीची चाकांची पिशवी ओढत बाहेर आल्या आणि मला जाऊ दे म्हणून दार धरून उभ्या राहिल्या. मी मान हलवून नको म्हटलं. खरं सांगतो, पाय उचलला नाही.

इथल्या जुन्या बिल्डिंगींत राहिल्यावर तो सिनेमा जास्त कळतो. मधला जिना, त्याची पोकळी, प्रत्येक मजल्यावर दारं, जिन्यात कोणी बोललं की वरपर्यंत ऐकू जातं, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुरबुर, अमका असा नि तमका तसा. सिनेमात सुरुवातीला पत्रकार मुलगी (मानुएला वेलास्को, तिला नवोदित अभिनेत्रीचा गोया मिळाला, म्हणजे स्पॅनिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार) भाडेकरूंच्या मुलाखती घेते तो भाग लोक पुढे ढकलतात, ढकलू नका, तोच कणा आहे. बालागेरो आणि पाको प्लासा दोघांनी मिळून केलाय, नटांना पूर्ण पटकथा दिली नव्हती, त्यामुळे काही दचकणं खरंच आहे. आणि शेवटच्या माळ्यावरच्या अंधारात जे काही फिरतं तो हाविएर बोतेत नावाचा नट आहे, त्याला मार्फान सिंड्रोम आहे, हातपाय विलक्षण लांब, कॉम्प्युटरची करामत नाही.

इथून सित्गेस ट्रेनने पाऊणएक तास, समुद्रकाठचं गाव. १९६८ पासून तिथे भयपट-अद्भुतपटांचा महोत्सव भरतो, हल्ली ऑक्टोबरात. म्हणजे नाशीचा पहिला लांडगा आला त्याच वर्षी सुरू झालेला. मी दरवर्षी दोन दिवस सुट्टी टाकतो. सत्तरीतले आजीआजोबा सकाळी साडेआठला रांगेत उभे असतात हॉरर बघायला आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीच्या किंग काँगच्या चित्राला टाळ्या पडतात.

मधला दुवा राहिला तो सांगतो. पारवांनी १९८३ ला पडदा टाकला, तो परत उघडला १९९५ ला, आलेक्स दे ला इग्लेसियाचा 'एल दिया दे ला बेस्तिया', एक पाद्री नाताळात सैतान शोधत माद्रिदभर फिरतो. सहा गोया. पुढच्याच वर्षी आमेनाबारचा 'तेसिस', विशीतल्या पोराचा पहिला सिनेमा, विद्यापीठात घडतो, सात गोया. अकादमीने जवळ केलं आणि निर्मात्यांच्या खिशातून पैसे निघायला लागले. आणि बघा, दोन्ही माद्रिदमध्ये घडतात, आपल्याच शहरात! राक्षस घरी परतला तो तेव्हा.

शर्वरी_के

अरे काय लोक आहात तुम्ही, वाचूनच अंगावर काटा आला. पण मग २००० नंतर सगळी मुलं आणि जुनी घरंच का? आणि 'लोस ओत्रोस'वरूनच आपल्याकडे २००४ ला 'हम कौन है' आला ना, अमिताभ होता त्यात?

पारवा

हो, तोच. आणि २०१९ च्या 'बदला'चं मूळही स्पॅनिश, ओरिओल पाउलोचा 'कोन्त्रातिएम्पो', तो हॉरर नाही, थ्रिलर. त्यातही अमिताभच.

मुलं आणि घरांबद्दल माझं म्हणणं असं. यादवी युद्ध १९३६ ते ३९, त्यात आणि नंतर मारलेले हजारो लोक रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेले. १९७७ ला सगळ्यांना माफीचा कायदा झाला, मागचं उकरायचं नाही असं ठरलं. २००० साली लेओन प्रांतात प्रियारान्सा देल बिएर्सो गावी नातवंडांच्या पिढीने पुढाकार घेऊन पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने असा खड्डा उकरला, तेरा सांगाडे निघाले. २००१ ला देल तोरोचा 'एल एस्पिनासो देल दियाब्लो', युद्धातला अनाथाश्रम, हौदात एक मूल. त्याच वर्षी 'लोस ओत्रोस', आपण मेलोय हे मान्य न करणारं घर. २००७ च्या शेवटी ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला आणि त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबरात, थिएटरला 'एल ओर्फानातो' लागलेला, ज्यात एक आई आपल्याच अंगणातल्या कोठीत मुलांची हाडं शोधून काढते. मला हा योगायोग वाटत नाही. आणि १९७३ चा व्हिक्तोर एरीसेचा 'एल एस्पीरितु दे ला कोल्मेना' बघ, हॉरर नाही तो, पण १९४० चं कास्तिलियन गाव, फिरत्या सिनेमात फ्रँकेन्स्टाइन बघितलेली सहा वर्षांची मुलगी, ती राक्षसाला शोधते आणि तिला सापडतो लपलेला एक जखमी माणूस. सगळं तिथेच पेरलेलं आहे. ती आना तोर्रेन्त पुढे 'तेसिस'ची नायिका.

घाटावरची

इथे मात्र माझा विरोध नोंदवते. प्रत्येक भूत युद्धाला नेऊन बांधू नका. पाको प्लासाचा २०१७ चा 'वेरोनिका' घ्या. १९९१ चं माद्रिदमधलं वायेकास, कामगारांची वस्ती. बाप नाही, आई रात्री उशिरापर्यंत बारमध्ये राबते, आणि पंधरा वर्षांची पोर तीन भावंडांना उठवते, न्हाऊ घालते, शाळेत पोचवते. प्लँचेट नंतर येतं. एका सकाळी ती गादीवरचा डाग घासते तो प्रसंग बघा, पाळी पहिल्यांदा आलीय आणि सांगायला घरात मोठं कोणी नाही. मला त्या सिनेमात भूत नसतं तरी भीती वाटली असती. तिथे भीती दमलेल्या पोरीची आहे, युद्धाची नाही. गोष्टीमागे खरी पोलीस नोंद आहे म्हणून गवगवा झाला, पण माझ्या लक्षात राहिले ते तिचे मोठे हेडफोन आणि दातांची तार. आणि कार्लोता पेरेदाचा २०२२ चा 'सेर्दीता', एक्स्त्रेमादुरातलं गाव, जाडी म्हणून छळली जाणारी खाटकाची मुलगी. तोही आजचाच.

पारवा

'वेरोनिका'बद्दल मान्य. तो मी नुसता प्लँचेटचा सिनेमा म्हणून सोडून दिला होता, परत बघतो.

शर्वरी_के

काल रात्री 'ला काबिना' बघितला. ताईला फोनवर घेतलं, तिने तिच्याकडे लावला, मी माझ्याकडे, एकदमच सुरू केला. ट्रक गावाबाहेर जातो तेव्हा एका ठिकाणी सर्कशीतली माणसं उभी असतात, त्यातल्या बुटक्या माणसाच्या हातात एक बाटली आहे आणि बाटलीत छोटं जहाज. तो जहाजाकडे बघतो, मग काचेतल्या माणसाकडे. तिकडून ताई म्हणाली, अगं, एवढ्या लोकांत हे एकटेच हसत नाहीयेत.

मग दोघी शेवटपर्यंत काही बोललोच नाही. रविवारी आंधळे टेम्प्लर.